तळहातावरची पहिली धार

आत्याचा हात लागला की गाय पान्हा सोडते, असं त्या घरात सगळेच म्हणत, आणि त्यात थापा फारशा नव्हत्या. इतरांनी कासेखाली बसून अर्धा तास मिनतवाऱ्या कराव्यात आणि लोटाभर दूध मिळवावं, तिथे आत्या नुसती "सरक गं" म्हणून टेकली तरी बादलीत धारा वाजायला लागत. हातगुण म्हणतात तो हाच.

चौतीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती एक पत्र्याची पेटी घेऊन धाकट्या भावाकडे परत आली. तेव्हा गोठ्यात एकच गाय होती, आणि तीही कोणाला जवळ फिरकू देत नव्हती. आत्याने पेटी दारात ठेवली, हात धुतले आणि तडक गाईखाली जाऊन बसली. त्या दिवसापासून गोठा तिचा झाला. घर भावाचं, शेत भावाचं, पुढे स्वयंपाकघर भावजयीचं, आणि ती गेल्यावर सुनेचं. आत्याचं म्हणावं असं तिथे एकच होतं, ते म्हणजे तिचे दोन हात आणि त्या हातांना लागलेला गोठा. याहून जास्त काही तिने कधी मागितलं नाही. 'आपण इथे फुकट राहत नाही' एवढं स्वतःला सांगता आलं की तिला झोप लागे.

आता गोठ्यात दहा दुभत्या होत्या. त्यांतली सर्वांत म्हातारी ती थोरली. पहिल्या गाईची नात, आणि बाकीच्यांपैकी निम्म्यांची आई नाहीतर आजी. दावणीतला पहिला खुंटा तिचा, पहिली वैरण तिची आणि पहिली धारही तिची. आत्याच्या राज्यात वयाचा मान होता आणि तो कोणी मोडलेला तिला खपत नसे. थोरली, मग तिच्या मुली, मग नाती, अशी धार काढायची रांग ठरलेली. घड्याळ चुकेल, रांग चुकायची नाही.

आणि स्वच्छता काय विचारता! बादलीत कोमट पाणी, त्यात एक मऊ, जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं फडकं. त्या फडक्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आत्या त्याने प्रत्येक गाईची कास पुसे, फडकं त्याच पाण्यात खळबळून पिळे. मग पहिली धार बादलीत न घेता डाव्या तळहातावर घेई. अंगठ्याने ती चोळून बघायची, बारीक कण लागतो का, चिकट लागते का, वास कसा येतो. एवढं झालं की हात फडक्याला पुसून कामाला लागायचं. ही खबरदारी घ्यायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती तिची स्वतःची विद्या होती, आणि तिचा तिला रास्त अभिमान होता.

अशा गोठ्यात दगडी शिरली.

दगडी म्हणजे कास सुजून दगडासारखी कडक होण्याचा आजार. आधी एकीचा एक सड, म्हणजे आचळ, सुजला, मग दुसरीचा, मग तिसरीच्या दुधात दह्यासारख्या गुठळ्या दिसू लागल्या. डेअरीने दुधाचा नमुना नापास केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा झाला तर या गोठ्याचं दूध घेणं बंद, असा निरोप आला.

दोषी कोण हे आत्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी भावाने बाजारातून एक ठिपक्यांची गाय आणली होती. तिचं नाव पडलं पाहुणी. पाहुणीने पहिल्याच दिवशी आत्याच्या मांडीवर अशी लाथ घातली की आत्या आठवडाभर लंगडत होती. चौतीस वर्षांत असा अपमान कोणी केला नव्हता.

"तिची नजरच चांगली नाही," आत्या म्हणाली. "बाहेरून येताना दुखणं घेऊन आलीय. आपल्या गाईंना कधी काही झालं होतं का?"

"बाहेरून येणाऱ्या सगळ्याच दुखणं घेऊन येतात असं नाही, आत्याबाई," भाचेसून हळूच म्हणाली. ती या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि हे बोलताना तिचा रोख फक्त गाईवर नव्हता.

"तुला कोणी काही म्हटलंय का?"

"नाही हो. पाहुणीची बाजू घ्यायला दुसरं कोण आहे, म्हणून बोलले."

तर पाहुणी त्या लाथेच्या दिवसापासूनच भाचेसुनेकडे गेली होती. तिच्याबरोबर एक लाथाळ गाय आणि एक पहिलटकरीणही गेल्या. आत्याला सात आणि सुनेला तीन, अशी वाटणी झाली. सुनेने आत्याचं फडकं मागायची हिंमत केली नाही. जुनी चादर फाडून तिने तुकडे केले, एका गाईला एक तुकडा वापरायची आणि उकळत्या पाण्यात टाकायची. आत्याला हे पाहून हसू येई. "एवढी धुणी काढत बसलीस तर धार कधी काढणार?"

शेवटी भावाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि बोलणं बेताचं. त्यांनी चार खणांची एक पांढरी तबकडी काढली. एकेका सडातलं थोडं दूध एकेका खणात घ्यायचं, वरून जांभळं औषध घालायचं आणि गोल फिरवायचं. दूध पातळ राहिलं तर ठीक, घट्ट झालं तर आत बिघाड.

"पाहुणीपासून सुरू करा," आत्या म्हणाली.

पाहुणीचे चारही खण पाण्यासारखे हलत राहिले.

"नीट ढवळा की जरा."

बाईंनी नीट ढवळलं. दूध पातळ ते पातळच. मग त्या थोरलीकडे आल्या. तीन खण कसेबसे हलले. चौथ्यात, मागच्या डाव्या सडाच्या दुधाची, कपड्यांना घालतात तशी खळ झाली. तबकडी तिरपी केली तरी ती जागची हलेना. आत्याने मान फिरवली आणि गव्हाणीतली वैरण उगाच वरखाली केली.

"संध्याकाळची धार काढताना मी बसते," बाई एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी आत्याने धार काढली ती बघण्यासारखी. पाठ ताठ, बोटं एका लयीत, दुधाला फेस कसा, तर बादलीच्या काठावर आलेला. कोणीतरी शिकलेलं माणूस आपलं काम बघतंय म्हटल्यावर कोणाला हुरूप येणार नाही? बाई वहीत लिहीत होत्या. सातवी गाय झाल्यावर त्या उठल्या, कापूस गुंडाळलेली काडी काढली आणि म्हणाल्या, "आत्याबाई, तळहात दाखवा."

"भविष्य बघताय का?"

"नाही, पुसून घ्यायचाय."

"गाईंचं झालं, आता माझीही धार काढा," आत्या म्हणाली, आणि सगळे हसले. बाईंनी तळहात पुसला, फडक्याचा कोपरा पुसला, बादलीतलं पाणी बाटलीत घेतलं. सुनेच्या हातांवरूनही काडी फिरवली. पुढचे पाच दिवस त्या काड्या, बाटल्या आणि दहाही गाईंच्या दुधाचे नमुने प्रयोगशाळेत होते.

त्या पाच दिवसांत आत्याला जेवण गेलं नाही. कारण थोरलीच्या मागच्या डाव्या सडात कण लागतात, हे तिला तबकडी येण्याच्या खूप आधीपासून माहीत होतं. अंगठ्याला ते जाणवे, रव्याच्या दाण्याएवढं. ती ते फडक्याला पुसून टाके आणि मनाशी म्हणे, वय झालंय बिचारीचं, चालायचंच. कोणाला सांगितलं असतं तर म्हातारी गाय कोणी ठेवली नसती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत काय झाकलं होतं ते तिलाही तेव्हा कळलं नव्हतं.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. भाऊ समोर, सून ओट्याशी, आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"जंतू एकच आहे," बाई म्हणाल्या. "पाच गाईंत सापडला. थोरली आणि तिच्यामागच्या चार. रांगेतल्या शेवटच्या दोघी अजून वाचल्यात. सूनबाईंच्या तिन्ही गाई स्वच्छ आहेत."

"पाहुणीसुद्धा?" भाऊंनी विचारलं.

"पाहुणी तर सगळ्यांत स्वच्छ." "हा जंतू हवेतून येत नाही आणि शेणातूनही सहसा येत नाही. तो आजारी सडात राहतो आणि धार काढताना एकीकडून दुसरीकडे जातो. फडक्यात सापडला. बादलीतल्या पाण्यात सापडला. आणि…"

"हातावर," आत्या म्हणाली.

गॅसवरचं पाणी उकळत होतं, ते उकळतच राहिलं.

"तुमचा दोष नाही, आत्याबाई. कासेचं दूध तपासूनच घेतलं पाहिजे, तुम्ही बरोबरच करत होता. फक्त हातावर नको होतं. थोरलीची पहिली धार तुम्ही हातावर घेतलीत आणि त्याच हाताने दुसरीला बसलात." मग त्यांनी वही उघडली. "मला एक सांगा, थोरलीचं दूध कधीपासून असं आहे?"

"आठवडा झाला असेल," सून पटकन म्हणाली. "मीच बघितलं होतं. सांगायचं राहून गेलं माझ्याकडून."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. दीड वर्षात त्या मुलीने थोरलीला हातदेखील लावला नव्हता. आपल्याला वाचवायला ही पोरगी धडधडीत खोटं बोलते आहे, आणि तेही किती वाईट बोलते आहे, हे आत्याला कळलं.

"खोटं बोलतेय ती," आत्या म्हणाली. "चार महिने झाले. मला माहीत होतं. मी लपवलं."

आणि ती आपल्या खोलीत गेली.

दोन दिवस आत्या गोठ्याकडे फिरकली नाही. पलंगावर बसून हात मांडीवर ठेवायची आणि त्यांच्याकडे बघायची. ज्या हातांच्या जोरावर या घरात ताठ मानेने राहिलो त्याच हातांनी गोठाभर दुखणं वाढलं. मग आता आपण इथे कशाच्या जोरावर राहायचं? पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. दुसऱ्या दिवशी तिने ती ओढून बाहेर काढली, धूळ पुसली आणि तशीच उघडी ठेवली.

दुपारी भाऊ आले. त्यांनी पेटी पाहिली, झाकण पाडलं आणि त्यावरच बसले. झाकण करकरलं.

"उठ, मोडेल ती," आत्या म्हणाली.

"मोडू दे. ताई, सुनेची मनगटं सुजलीत. दहा गाई एकटी काढतेय. आजारी चौघी तिला पान्हा सोडत नाहीत, दूध आत राहतंय, आणि बाई म्हणाल्या, आत राहिलं तर औषधाचा उपयोग नाही."

"आणि थोरली?"

भाऊंनी डोकं खाजवलं. "तिला औषध लागू पडणार नाही म्हणे. सड आतून कडक झालाय. दोनच वाटा. एक तर तिला गोठ्यातून काढायचं, नाहीतर आटवायचं, म्हणजे धार कायमची बंद, आणि सगळ्यांपासून लांब बांधायचं."

"मग काढून टाका. बसून खाणारीला कशाला ठेवायचं?"

वयाने धाकटे असले तरी भाऊ खुळे नव्हते. आपली बहीण कोणाविषयी बोलते आहे हे त्यांना कळलं.

"बसून खाण्यात या घरात माझा नंबर पहिला आहे," ते म्हणाले. "गुडघे गेल्यापासून मी काय करतो? पेपर वाचतो आणि चहा मागतो. मला कोणी काढलं नाही अजून. माझ्या आधी तुम्हा दोघींचा नंबर कसा लागेल?"

आत्याला हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडूही. चौतीस वर्षांत भावापुढे ती रडली नव्हती.

"माझ्यामुळे झालं रे."

"झालं. तुझ्यामुळेच झालं," भाऊ म्हणाले. खोटी समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तू घरात हातांसाठी राहतेस असं वाटत होतं का तुला? तू परत आलीस तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आई नव्हती. मला गाय नको होती, ताई हवी होती. गाय तू मागाहून सांभाळलीस." ते उठले. पेटीचं झाकण वाकडं झालं होतं. "आता ही बंद होणार नाही. बरंच झालं."

आत्या गोठ्यात गेली तेव्हा सून पाहुणीखाली बसली होती आणि मनगटाला कापड गुंडाळलेलं होतं. आत्याने खुंटीवरून आपलं फडकं काढलं. सुनेला वाटलं, आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पण आत्याने चुलीवर मोठं पातेलं चढवलं, फडकं त्यात टाकलं आणि खळखळून उकळलं. मग ते वाळत घालून, विळीशी बसून त्याचे तुकडे केले. फडक्यात तुकडे निघाले सहाच. उरलेल्यांसाठी तिने पेटीतली, लग्नात मिळालेली एक चादर आणली, जी कधी अंथरलीच नव्हती.

"एका गाईला एक," ती म्हणाली. "आणि ते रबरी हातमोजे कसे चढवायचे ते दाखव. माझी बोटं आत जात नाहीत."

"आत्याबाई, उलट्या हाताचा घातलाय तुम्ही."

"मग तसं सांगायला काय झालं? बघत काय बसलीस?"

नवी रांग भिंतीवर खडूने लिहिली गेली. निरोगी आधी, आजारी शेवटी. पहिला नंबर पाहुणीचा. तो लिहिताना सून घुटमळली, तेव्हा आत्यानेच खडू घेऊन पाहुणीचं नाव सगळ्यांच्या वर लिहिलं, जरा जास्तच मोठं. निरोगी सुनेकडे, आजारी आत्याकडे. धार झाली की सड औषधाच्या कपात बुडवायचे आणि गाईंना ताजी वैरण टाकायची, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत त्या अर्धा तास उभ्या राहतात. औषध चालू आहे तोवर चौघींचं दूध ओतून द्यायचं. आत्याच्या हाताखाली त्या चौघींनी पान्हा सोडला. दोघी पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या, तिसरीने महिना घेतला. चौथीचा एक सड कायमचा गेला, ती तीन सडांवर राहिली. तिच्याजवळ बसताना आत्या दर वेळी मनात माफी मागत असे.

थोरलीचं मात्र सगळ्यांत अवघड. गाय आटवायची म्हणजे तिला हात लावायचा नाही. पहिले काही दिवस कास भरून येते, गाय हंबरते, दूध आपोआप ठिबकतं. थोरली परसातल्या वेगळ्या छपराखालून धारेच्या वेळेला आत्याला हाका मारी. आत्याचे हात नुसते शिवशिवत. इतकी वर्षं ज्या हाकेला ती धावली, त्या हाकेला आता जायचं ते फक्त डोक्याजवळ, कासेजवळ नाही. ती जाऊन बसे आणि म्हणे, "ऐकू येतंय गं. पण माया करायची तर आता अशीच करायची, काय करू?"

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नमुने घेतले. थोरली सोडून सगळ्या स्वच्छ निघाल्या. डेअरीचा नमुना पास झाला. बाईंनी बहुतेक पहिल्यांदाच मोकळं हसून सांगितलं, "औषधाने निम्मं काम केलं. निम्मं रांगेने केलं."

त्या दिवशी संध्याकाळी गाई अंगणातून आत आल्या तेव्हा परसातून सुटलेली थोरली सवयीने पहिल्या खुंट्याकडे निघाली. आत्या आडवी उभी राहिली. कपाळाला कपाळ लागेल एवढी थोरली जवळ आली.

"नाही. तिकडे," आत्या म्हणाली, आणि तिला हळूहळू वळवून छपराकडे नेलं. थोरली गेली. तिथेच, तिच्या शेजारी, आत्या क्षणभर स्टुलावर टेकली.

सून हातात काळी वाटी घेऊन आली. पहिली धार आता या वाटीत घ्यायची असते, काळ्यावर कण चटकन दिसतो. पण सुनेच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते आत्याच्या डोळ्यांना दिसतं, म्हणून ती प्रत्येक वाटी आधी आत्यापुढे धरते. तसं करायला तिला कोणी सांगितलेलं नाही.

"पाहुणीची आहे. बघा बरं."

आत्याने वाटी उजेडाकडे तिरपी केली. कण नव्हता, चिकटपणा नव्हता. दूध दुधासारखं होतं. खात्री करायला तिचा डावा अंगठा आपसूक वाटीकडे गेला.

"आत्याबाई," सून म्हणाली, "हात."

आत्या थबकली. मग स्वतःशीच हसली, "काढ, छान आहे," म्हणाली आणि तो हात थोरलीच्या मानेवर ठेवला. थोरलीने डोळे मिटले. तिथे हात लावायला डॉक्टरीणबाईंची मनाई नव्हती.